औषधबाजार : दहा वर्षांचा शिधा कुठून आणायचा?

चवथीच्या सुट्टीत पत्रं साठली. त्यातली चार या अंकात घेते. नव्या वाचकांना माझी ओळख नसेल म्हणून सांगते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्यांच्या कारखान्यात मी अकरा वर्षं काढली. मग गोव्याबाहेर जैविक औषधांच्या एका कंपनीत आधी उत्पादन आणि पुढे व्यवसायविकास अशी एकोणीस वर्षं. आता फोंड्याला असते.

ताई, सादर नमस्कार. आम्ही तिघे मित्र गोवा विद्यापीठातून सागरी जैवतंत्रज्ञानात एमएस्सी झालो. प्रबंधासाठी चोडणच्या खारफुटीतल्या चिखलातून एक जिवाणू वेगळा केला होता. खाऱ्या आणि अल्कधर्मी पाण्यातही टिकणारं प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, तो बनवतो. पण एन्झाइममध्ये पैसा नाही असं सगळे सांगतात. म्हणून स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रॅस्टुझुमॅबचं बायोसिमिलर बनवायचं मनात आहे. एकाच्या वडिलांची जागा आहे, घरचे मिळून ४० लाख उभे करतील. सुरुवात कुठून करावी? — प्र. ना., डिचोली

ते ४० लाख आत्ता आहेत तिथेच राहू द्या. घरच्यांचा जो पैसा तुम्ही मोजताय, तो ट्रॅस्टुझुमॅबपायी वर्षभरही पुरणार नाही.

पेटंट संपलेली साधी गोळी आणि बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या जैविक औषधाशी मिळतंजुळतं बनवलेलं औषध, यांत फरक कसला आहे, तो आधी बघा. ॲस्पिरिनच्या रेणूचं वजन १८० डाल्टन. ट्रॅस्टुझुमॅब ही अँटिबॉडी, म्हणजे पेशीवरची नेमकी खूण धरणारं प्रथिन. तिचं वजन जवळपास दीड लाख. ती रसायनं मिसळून होत नाही, जिवंत पेशींकडून करवून घ्यावी लागते. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या पेशी त्यासाठी वापरतात. द्रव नायट्रोजनमधली एक मिलिलिटरची कुपी बाहेर काढायची. ती आधी फ्लास्कमध्ये, मग छोट्या टाकीत, मग मोठ्या टाकीत, असं करत दोन हजार लिटरपर्यंत न्यायला तीन-चार आठवडे जातात. शेवटच्या टाकीत आणखी दोन आठवडे. तिथून पुढे शुद्धीकरण, विषाणू काढणं, मूळ औषधाशी शेकडो चाचण्यांतून तुलना, प्राणी, आणि मग माणसं. अमेरिका-युरोपच्या बाजारासाठी एका बायोसिमिलरला सात-आठ वर्षं आणि १० ते ३० कोटी डॉलर लागतात, असा या धंद्यातला रूढ अंदाज आहे. फक्त भारतात विकायचं म्हटलं तर खर्च बराच उतरतो, पण ४० लाखांपर्यंत काही येत नाही.

आकडे कोणीही सांगेल. मी तुम्हाला एक रात्र सांगते. मी ज्या कंपनीत होते तिथली, जुलै महिन्यातली. पाचशे लिटरची टाकी, सातवा दिवस. पहाटे अडीचला पाळीवरच्या मुलाचा फोन आला, "मॅडम, ऑक्सिजन खाली येतोय. हवा वाढवली तरी सावरत नाही." मी पोचेपर्यंत पीएचही घसरायला लागला होता. नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एरवी तिथे गोल टपोऱ्या पेशी शांत पसरलेल्या दिसतात. त्या दिवशी त्यांच्या मधून बारीक बारीक काड्या वळवळत होत्या. मी डोळा बाजूला केला, त्या मुलाने बघितलं, आणि बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतो, आपली पेशी व्हायला एक दिवस घेते. ही शर्यत आपण कधीच जिंकत नाही. सकाळी वाफ सोडून सगळी बॅच १२१ अंशांवर मारली. कारण सापडायला पाच आठवडे गेले. नमुना घ्यायच्या व्हॉल्व्हमध्ये एक रबराची रिंग असते, लहान मुलीच्या बांगडीएवढी. तिला नखाएवढी चीर गेली होती.

त्या महिन्याचा आमचा पगार झाला, कारण पलीकडच्या शेडमध्ये साध्या औषधांचं काम चालू होतं. ती शेड नसती तर कंपनी तिथेच बसली असती.

म्हणून तुमच्यासारख्या मुलांना मी एकच विचारते. औषध बाजारात येईपर्यंतची दहा वर्षं तुम्ही कशावर काढणार? या धंद्यात वाढीचं धोरण म्हणून जे काही शिकवतात ते सगळं फिरून याच प्रश्नापाशी येतं. यातल्या यशस्वी कंपन्यांच्या कहाण्या काढून बघा, प्रत्येकीने या शिध्याची सोय आधी केलेली दिसेल. किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ मध्ये बंगळुरूत भाड्याच्या गॅरेजमध्ये बायोकॉन सुरू केली, हाताशी भांडवल दहा हजार रुपये. इन्सुलिनचा तेव्हा पत्ताही नव्हता. पपईच्या चिकातून पपेन काढायचं आणि माशाच्या फुग्यातून बिअर निवळ करायचं आयसिंग्लास काढायचं, दोन्ही परदेशात विकायचं. पुढे एन्झाइमच्या कामातून आंबवण्याच्या तंत्रावर हात बसला. १९९३-९४ मध्ये सिंजीन ही उपकंपनी काढली आणि दुसऱ्या कंपन्यांचं संशोधन पैसे घेऊन करून द्यायला सुरुवात केली. स्वतःचं मानवी इन्सुलिन बाजारात आलं ते २००४ मध्ये, म्हणजे सव्वीस वर्षांनी. इन्सुलिन पायावर उभं राहिल्यावर, २००७ मध्ये, त्यांनी एन्झाइमचा धंदा डेन्मार्कच्या नोवोझाइम्सला विकून टाकला. ज्याने इतकी वर्षं पोसलं तोच धंदा योग्य वेळी सोडणं मला त्या कहाणीतला सगळ्यांत धीट निर्णय वाटतो.

आणि तुम्हाला हवं असलेलं ट्रॅस्टुझुमॅब? तेही बायोकॉनने केलं. २००९ मध्ये मायलॅन या परदेशी औषधकंपनीशी भागीदारी, २०१४ मध्ये भारतात विक्री, अमेरिकेची मंजुरी २०१७ च्या डिसेंबरात. टाक्या, माणसं, इन्सुलिनचा पैसा आणि खर्च वाटून घेणारा भागीदार हे सगळं हाताशी असून एवढा काळ लागला.

हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सचे वरप्रसाद रेड्डी तर अभियंते. हिपॅटायटिस-बीची लस भारतात बनवायची म्हणून उभे राहिले, तेव्हा त्यांच्यामागे भांडवल लावलं ते ओमानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी. कंपनी १९९३ ची, लस १९९७ ची. शिधा असा कुठूनही येऊ शकतो, फक्त निघण्याआधी आपल्याला तो ठाऊक हवा.

तुमचा शिधा तुमच्या हातात आहे आणि तुम्ही तो टाकायला निघालात, म्हणून मला राहवत नाही. खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात टिकणारं प्रोटिएज डिटर्जंटवाल्यांना लागतं, चामडं कमावणाऱ्यांना लागतं. चोडणचा चिखल ही तुमची पपई आहे. ते एन्झाइम किती दिवस टिकतं, किती तापमानाला टिकतं, एका लिटरमागे किती मिळतं, हे तीन आकडे आधी पक्के करा. यंत्रांसाठी विद्यापीठात विचारा, झुआरीनगरच्या बिट्स या तंत्रशिक्षण संस्थेत विचारा. बायरॅक या जैवतंत्रज्ञानाला मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची बिग नावाची योजना आहे. अठरा महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि कंपनीतला हिस्सा द्यावा लागत नाही. अर्ज नाकारला गेला तरी काय कमी पडलं ते कळतं. सुधारून पुन्हा करा.

दोन गोष्टी मात्र आजच. पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत या एन्झाइमवर शोधनिबंध छापू नका, पोस्टर लावू नका. छापून आलेल्या गोष्टीला नवी म्हणता येत नाही. प्रबंधात किती आलंय तेही पेटंट वकिलाला आधीच दाखवा. आणि जिवाणू आपल्या मातीतला आहे, तेव्हा जैवविविधता कायदा २००२ लागू होतो. पेटंट हाती पडण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पायरी चढावीच लागते. शेवटच्या क्षणी धावपळ नको.

जिवाणूच्या कुप्या उणे ८० अंशांच्या दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये, दोन वेगळ्या इमारतींत ठेवल्यात ना? नसतील तर हे वाचून झाल्यावर तेच काम करा.

सप्रेम नमस्कार. २०२५ च्या जुलैमध्ये ग्लेनमार्कच्या उपकंपनीने कर्करोगावरचं आपलं नवं औषध अमेरिकेच्या ॲबव्हीला दिल्याचं वाचलं. औषध एवढं गुणी होतं तर स्वतःच का विकलं नाही? कष्ट आपण करायचे आणि लोणी परक्याने खायचं, असं हे झालं का? माझ्याकडे थोडे शेअर आहेत. — एक निवृत्त शिक्षक, मडगाव

सर, शेअर ठेवावे की काढावे हे मी सांगत नाही, ते माझं काम नाही. पण परक्याला लोणी दिलं ही तुमची खंत मी समजू शकते. या धंद्यात येण्याआधी मलाही असंच वाटायचं.

आपल्याकडे काजूचा हंगाम पावणीला, म्हणजे लिलावाने देतात. झाडं विकत नाहीत. मालकाला आगाऊ पैसे मिळतात, पीक कमी आलं तर ती जोखीम पावणी घेणाऱ्याची. औषधाचा परवाना देणं बरंचसं असंच आहे. आयएसबी २००१ नावाचं हे औषध म्हणजे तीन ठिकाणी पकड घेणारी अँटिबॉडी. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातल्या पेशीवरच्या दोन खुणा ती धरते आणि तिसऱ्या हाताने आपल्या शरीरातल्या टी पेशीला, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशीला, ओढून आणते. करार झाला तेव्हा ते मानवी चाचण्यांच्या पहिल्याच टप्प्यात होतं. पहिल्या टप्प्यात उतरलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच बाजारात पोचतं. पुढच्या मोठ्या चाचण्या अनेक देशांत, शेकडो रुग्णांवर करायच्या, आणि त्यातही हे औषध हरलं तर? ॲबव्हीने आगाऊ ७० कोटी डॉलर दिले. पुढचे टप्पे पार पडत गेले तर आणखी १२२.५ कोटींपर्यंत, आणि विक्रीवर रॉयल्टी वेगळी. उत्तर अमेरिका, युरोप, जपान, चीन ॲबव्हीकडे गेले. भारत आणि इतर बरेच उदयोन्मुख बाजार ग्लेनमार्ककडेच राहिले.

अशा बातमीत मथळ्याला सगळी बेरीज छापतात. तुम्ही त्यातली आगाऊ रक्कम तेवढी बघा, तेवढीच नक्की असते. टप्प्यांची रक्कम हवामानखात्याच्या अंदाजासारखी समजा. आणि कंपनीने स्वतःकडे काय राखलं ते बघा. मी वाटाघाटींच्या टेबलावर बसलेली बाई आहे. रकमेवर जेवढी घासाघीस होते त्याहून जास्त या राखण्यावर होते.

परवाना देणं हा हरलेल्यांचा मार्गही नाही. जेनेन्टेक १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ सुरू झाली. दोन वर्षांत तिने जिवाणूकडून मानवी इन्सुलिन करवून घेतलं. पण ते बनवलं आणि विकलं एलाय लिलीने, १९८२ पासून. जेनेन्टेक रॉयल्टीवर राहिली. स्वतःच्या नावाने स्वतः विकलेलं तिचं पहिलं औषध, वाढीचं संप्रेरक, १९८५ मध्ये आलं. पहिलं पीक दुसऱ्याला दिलं म्हणून दुसरं स्वतः काढता आलं.

ग्लेनमार्कचा एक कारखाना आपल्या बार्देशात, कोलवाळला आहे. त्या अँटिबॉडीचं संशोधन स्वित्झर्लंडमध्ये झालं, पण इतकी वर्षं त्या प्रयोगशाळेचं बिल ज्या कंपनीने भरलं तिचा रोजचा धंदा साध्या औषधांचाच. शिफ्टला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींचाही त्यात वाटा आहे, सर. परक्याने लोणी खाल्लं म्हणण्याआधी हेही धरा.

ताई, माझे यजमान दहा वर्षं इन्सुलिन घेतात. गेल्या महिन्यात फार्मसीवाल्याने "तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं, स्वस्त" म्हणून वेगळी कुपी दिली. नक्कल असते का ही? — सौ. वि. गा., पेडणे

नक्कल म्हणून घाबरू नका, पण फार्मसीवाल्याच्या सांगण्यावरून बदलूही नका. डॉक्टरांना कुपी दाखवा. बदल त्यांनी ठरवला तर पहिले दोन-तीन आठवडे साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा.

पेडण्यात हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या दिवसांत फिरलात तर एकाच डोंगरावरच्या काजूबोंडांचा रस दोन भट्ट्यांवर थोडा निराळा उतरतो, हे तुम्हाला माहीत असेल. जिवंत गोष्टीकडून करवून घेतलेल्या औषधाचंही तसंच. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या औषधाला तंतोतंत तेच न म्हणता बायोसिमिलर, म्हणजे जैविकदृष्ट्या अगदी मिळतंजुळतं म्हणतात. ते मिळतंजुळतं आहे हे कंपनीला चाचण्यांनी सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे त्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१२ मध्ये आली, २०१६ मध्ये सुधारली. अमेरिकेत तर २०२१ मध्ये ग्लार्जिन प्रकारच्या एका इन्सुलिनला, फार्मसीवाल्याने परस्पर बदलून दिलं तरी चालेल, अशी मान्यता मिळाली, आणि ते बायोकॉन-मायलॅनचंच होतं. या कामात आपले लोक मागे नाहीत. संधिवातावरच्या ॲडॅलिम्युमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर झायडसने २०१४ मध्ये भारतात आणलं. अमेरिकेतल्या रुग्णाला या औषधाचं कुठलंच बायोसिमिलर २०२३ पर्यंत मिळालं नाही, कारण मूळ कंपनीने पेटंटांची तटबंदी उभारली होती.

किंमत मात्र गोळीसारखी दहा पटींनी उतरत नाही. वर डिचोलीच्या मुलांना लिहिलेलं वाचलंत तर का ते कळेल.

आणि कुपी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी टाकूनच द्यायचं.

मॅडम, मी वेर्ण्याला गोळ्यांच्या कंपनीत ग्रॅन्युलेशनला, म्हणजे गोळीसाठी भुकटीचे दाणे करायच्या विभागात, सुपरवायझर आहे, चौदा वर्षं झाली. गोव्यात औषधांच्या एवढ्या कंपन्या, मग बायोटेक इथे का नाही वाढलं? आणि ४१ व्या वर्षी मी त्यात शिरायचं म्हटलं तर जमेल का? — र. फ., कुठ्ठाळी

भाऊ, प्रयत्नच झाले नाहीत असं नाही. २०१० मध्ये सिप्लाने मॅबफार्म ही भारतीय आणि बायोमॅब ही चिनी अशा दोन कंपन्यांत मिळून साडेसहा कोटी डॉलर घातले. त्यातून गोव्यात बायोसिमिलरचं काम उभं राहिलं. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला कारखाना काढायचं २०१६ मध्ये जाहीर झालं आणि पुढच्याच वर्षी तो बेत मागे घेतला. सिप्लासारख्या घराकडे शिध्याची वाण नव्हती. पण श्वसनाच्या औषधांसारखा आपला हातखंडा असलेला धंदा समोर असताना तोच पैसा दहा वर्षं टाक्यांत अडकवायचा का, हा हिशेब मोठ्या घरालाही करावा लागतो. त्यांनी पाय मागे घेतला याचं मला वाईट वाटलं, पण निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही.

गोव्यात गोळ्या आल्या त्या करसवलतीमुळे. नव्वदच्या दशकात रांग लागली, आणि २००३ मध्ये हिमाचल-उत्तराखंडला सवलतींचं पॅकेज मिळालं तशा बऱ्याच जणांच्या नजरा हिमाचलातल्या बद्दीकडे वळल्या. सवलतीवर गोळीचा कारखाना दोन वर्षांत उभा राहतो. जैविक औषधाचा कारखाना सवलत बघून येत नाही. पेशी समजणारी माणसं, जवळ मोठी रुग्णालयं, चाचण्या करून देणाऱ्या प्रयोगशाळा आणि धीर धरणारा पैसा कुठे आहे, हे बघून तो येतो. बंगळुरू, हैदराबाद, पुणे यांनी ते एकेक करून चाळीस-पन्नास वर्षांत जमवलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवात १९६६ ची, घोड्यांच्या रक्तातल्या सीरमपासूनची. आपल्याकडे दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, विद्यापीठ आहे, बिट्स आहे, गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज आहे. ही सगळी अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर असून एकमेकांशी फारशी बोलत नाहीत, हे माझं जुनं दुखणं. सरकारने एखादी नवी वसाहत आखण्याआधी या चौघांना एका टेबलावर बसवावं, असं मी गेली कित्येक वर्षं जिथे जाईन तिथे सांगते.

माझ्या मते गोव्याने पेशीपासून सुरुवात करायचा हट्ट धरू नये. बाहेर तयार झालेलं जैविक औषध इथे आणून निर्जंतुक कुप्यांत भरणं, तपासणं, पॅक करणं, हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे. परदेशी तपासनीस दारात उभे राहिले तरी कागद चोख ठेवायची सवय वेर्ण्याच्या माणसाला आहे. ती इतर ठिकाणी शिकवायला वर्षं जातात.

तुमचं वय आड येत नाही. मी ३८ व्या वर्षी त्या कामात गेले. निर्जंतुक खोलीत जाण्याआधी गाऊनिंगची परीक्षा होते. टोपी, मास्क, चष्मा, अंगभर सूट, दोन जोड हातमोजे, सगळं कशालाही स्पर्श न करता चढवायचं. मग बाही, छाती, बोटं, मनगटं यांवर जिवाणूंच्या खाद्याच्या प्लेटा टेकवतात आणि काही दिवस उबेत ठेवतात. पहिल्या खेपेला माझ्या उजव्या मनगटाच्या प्लेटवर दोन पिवळट ठिपके उगवले. सूटची बाही ओढताना उघड्या बोटाचा स्पर्श झाला होता. पुढचे आठ दिवस मी घरी रेनकोट घालून सराव केला. लागोपाठ तीन वेळा प्लेटा कोऱ्या आल्यावर आत सोडलं.

तुमच्या आसपास इंजेक्शनची लाइन असलेल्या कंपनीत आधी बदली किंवा नोकरी मागा, पगार थोडा कमी मिळाला तरी. तिथे दोन वर्षं काढलीत की जैविक औषधांचं दार उघडतं. अर्जात ग्रॅन्युलेशनची चौदा वर्षं लिहालच. पण ऑडिटला तपासनिसासमोर तुम्ही स्वतः उभे राहून उत्तरं दिली असतील, एखाद्या बॅचची चूक शोधून काढली असेल, तर ते सगळ्यांत वर लिहा. माणसं निवडताना मी तेच आधी वाचत होते.